डॅन डेअर वाचायला घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या ब्रिटिश विज्ञान-चित्रकथांबद्दल बोलणं निघालं की डॅन डेअरचं नाव येतंच. नाव ऐकलेले बरेच असतात, सलग वाचलेले थोडे. वाचायचं ठरवलं की जे प्रश्न पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. कथांचे शेवट शक्यतो सांगितलेले नाहीत. फक्त मालिकेचा चित्रकार फ्रँक हॅम्पसन याच्या नंतरच्या आयुष्याबद्दल आणि पुढच्या अवतारांबद्दल लिहिताना थोडं उघड करावं लागलं आहे.

डॅन डेअर म्हणजे नेमका कोण?

ब्रिटनमधल्या 'ईगल' या मुलांच्या साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर १४ एप्रिल १९५० रोजी आलेला अंतराळवीर. हुद्दा कर्नल, काम 'इंटरप्लॅनेट स्पेस फ्लीट' या अवकाश दलात मुख्य वैमानिकाचं. पहिली कथा घडते १९९६ साली, म्हणजे त्या वेळच्या वाचकांपासून जवळजवळ अर्धं शतक पुढे. लांबट चेहरा, पुढे आलेली हनुवटी आणि टोकाशी वाकड्या झालेल्या भुवया. त्या भुवयांवरून तो गर्दीच्या चौकटीतही लगेच ओळखू येतो.

सोबतीला त्याचा अर्दली डिग्बी: विगन गावचा, गोलमटोल, खाण्याचा शौकीन, आणि डॅनवर संकट आलं की सगळ्यात आधी धावून जाणारा. वर करडे शिस्तीचे सर ह्यूबर्ट गेस्ट. बरोबरीचे वैमानिक अमेरिकन हँक आणि फ्रेंच पिएर. आणि शास्त्रज्ञ प्राध्यापक जोसेलिन पीबॉडी, ज्यांच्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.

ही मालिका रेट्रो ढंगाची म्हणायची की नुसती जुनी?

निर्माण झाली तेव्हा ती अगदी अद्ययावत होती. डी हॅविलंड कंपनीचं 'कॉमेट' हे जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान १९४९ मध्ये उडालं आणि १९५१ मध्ये लंडनच्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'मध्ये स्कायलॉन नावाचा, अधांतरी तरंगतो असं वाटणारा उंच मनोरा उभा राहिला. डॅन डेअरमधली यानं, मोनोरेल, काचेचे घुमट या सगळ्यांचा चेहरामोहरा त्याच काळाचा आहे. आज आपण ते पाहतो तेव्हा आपल्याला दिसतो तो १९५० सालच्या माणसांनी मनात धरलेला भविष्यकाळ. पुढे अनेक ब्रिटिश चित्रकारांनी हेच वळण जाणूनबुजून उचललं. रेट्रो ढंगाच्या ब्रिटिश विज्ञान-चित्रकथा आवडत असतील, तर त्यांचं मूळ पाहायला इथेच यावं लागतं.

मुलांचं कॉमिक एका पाद्र्याने सुरू केलं, हे खरं आहे का?

हो. मार्कस मॉरिस हे साउथपोर्टजवळच्या बर्कडेलचे अँग्लिकन धर्मगुरू. अमेरिकेहून येणाऱ्या भयकथांच्या कॉमिक्सनी ते अस्वस्थ झाले होते आणि १९४९ मध्ये त्यांनी एका वर्तमानपत्रात त्यावर खरमरीत लेख लिहिला. मात्र बंदीची मागणी करून ते थांबले नाहीत. मुलांना चित्रकथा आवडतात, तर मग उत्तम चित्रकथा काढू या, असं त्यांनी ठरवलं आणि फ्रँक हॅम्पसन या तरुण चित्रकाराला बरोबर घेतलं. आरंभीच्या आराखड्यात नायकही पाद्रीच होता. पुढे त्याचा झगा गेला आणि वैमानिकाचा गणवेश आला.

नमुना अंक घेऊन मॉरिस लंडनच्या प्रकाशकांचे उंबरे झिजवत होते. शेवटी हल्टन प्रेसने तो घेतला. पहिल्या अंकाच्या जवळपास नऊ लाख प्रती खपल्या.

नायकाचा झगा गेला तरी त्यामागचा विचार राहिला. डॅन शत्रूला दिलेला शब्दही पाळतो आणि शक्य तिथे जीव घेणं टाळतो. उपदेशाचं एकही वाक्य न बोलता हे कथेतून पोचतं, ही मला मॉरिस आणि हॅम्पसन यांची मोठी कमाई वाटते. सुरुवातीच्या काळात संहितेला हातभार लावणारे चॅड व्हारा हेही धर्मगुरूच. आत्महत्येच्या विचारात असलेल्यांना फोनवरून आधार देणारी 'समॅरिटन्स' ही संस्था त्यांनीच १९५३ मध्ये स्थापन केली.

पहिल्या कथेत असं काय आहे?

भूक आहे. अंतराळाच्या कथेची सुरुवात भुकेपासून व्हावी, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

पृथ्वीवर एक जागतिक सरकार आहे. युद्धं संपली आहेत. पण वाढलेल्या लोकसंख्येला अन्न पुरत नाही. शुक्रावर काही पिकवता येईल का, हे पाहायला यानं पाठवली जातात, पण ती पोचण्याआधीच नष्ट होतात. 'किंगफिशर' हे यान पहिल्याच भागात निघतं आणि त्याचीही तीच गत होते. घात कशामुळे होतो हे डॅन शोधून काढतो. मग तो, डिग्बी, सर ह्यूबर्ट, पीबॉडी आणि बाकीचे शुक्राकडे निघतात.

हे ज्या मुलांनी वाचलं, त्यांच्या घरात तेव्हा रेशनकार्ड होतं. ब्रिटनमध्ये गोड खाऊवरचं रेशनिंग १९५३ मध्ये उठलं आणि मांसावरचं १९५४च्या जुलैमध्ये. जेवणाच्या टेबलावर काय येणार ही काळजी त्या वाचकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हॅम्पसन स्वतः महायुद्धात सैन्यात होता आणि अँटवर्पला असताना त्याने जर्मनांची व्ही-२ रॉकेटं पाहिली होती. माणसं मारायला सोडलेलं तेच यंत्र उद्या माणसांसाठी अन्न शोधायला जाईल, ही कल्पना त्या माणसाने चितारली आहे. डॅन डेअरमधल्या आशेला म्हणूनच मी भाबडी म्हणत नाही. युद्धात काय होतं ते पाहून परतलेल्या लोकांनी ती विचारपूर्वक रंगवली आहे. हे लक्षात ठेवून पान उघडलं की त्यातला स्वच्छ उजेड, नीटनेटकी शहरं आणि एकमेकांशी अदबीने बोलणारी माणसं यांचा अर्थ बदलतो.

चित्रांची एवढी स्तुती का होते?

कारण इतक्या कष्टाने काढलेलं साप्ताहिक कॉमिक क्वचितच सापडतं.

हॅम्पसनने साउथपोर्टमध्ये एका जुन्या बेकरीत स्टुडिओ थाटला. पुढे तो सरे परगण्यातल्या एप्सम इथे हलला. आठवड्याला फक्त दोन पानं, पण त्यांच्यासाठी तरुण चित्रकारांचा ताफा राबत असे. आधी हॅम्पसन प्रत्येक चौकटीचा रंगीत कच्चा आराखडा काढायचा, आणि तो कच्चा आराखडाच एखाद्या पूर्ण चित्रासारखा दिसायचा. मग स्टुडिओतली माणसं गणवेश चढवून त्या त्या पवित्र्यात उभी राहायची आणि त्यांचे फोटो घेतले जायचे. सर ह्यूबर्टसाठी हॅम्पसनचे वडील उभे राहत, पीबॉडीसाठी सहकारी चित्रकार ग्रेटा टॉमलिन्सन. पुढे 'फ्लेमर' स्प्राय नावाचा मुलगा कथेत आला, त्यासाठी हॅम्पसनचा मुलगा. यानांच्या छोट्या प्रतिकृती बनवलेल्या असत, म्हणजे कोणत्याही कोनातून उजेड कसा पडेल ते पाहता येई. एवढं झाल्यावर पक्कं चित्र.

याचा परिणाम पानावर दिसतो. एखादं यान दहा चौकटींत दहा बाजूंनी आलं तरी ते तेच यान असतं. त्याची शिडी कुठे आहे, दार कुठे उघडतं हे तुम्हाला ठाऊक होतं. डॅनच्या छोट्या यानाचं नाव 'अनास्टेशिया', डिग्बीच्या आत्याच्या नावावरून ठेवलेलं. चार भागांत ते ओळखीचं होऊन जातं.

छपाईचाही वाटा मोठा आहे. 'ईगल' लिव्हरपूलच्या एरिक बेमरोज यांच्या छापखान्यात फोटोग्रॅव्हूर पद्धतीने, मोठ्या आकारात छापला जाई. शुक्राच्या आकाशातला पिवळा, तिथल्या ट्रीन जमातीच्या कातडीचा हिरवा, अंतराळाचा गडद निळा हे रंग त्या पद्धतीत मऊ आणि खोल उतरत. आपल्याकडे ज्यांचं बालपण टाइम्स समूहाच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'वर गेलं, त्यांना सपाट रंगांची सवय असते. त्यांनी डॅन डेअरचं एखादं पान मोठ्या आकारात जरूर पाहावं.

मला पानं फार भरगच्च वाटतात. वाचायचं कसं?

हळू. या एका सल्ल्यावर मी अडून राहीन.

मूळ वाचकाला आठवड्याला दोन पानं मिळत आणि ती तो सात दिवस पुरवून वाचे. पहिली शुक्रकथा अशी सुमारे दीड वर्ष चालली. आपण तीच एका रविवारी संपवायला गेलो तर दम लागतो. दर दोन पानांनी उत्कंठेचा क्षण येतो, फुग्यांत मजकूर भरपूर असतो, आणि आधीच्या आठवड्याची उजळणीही होते. एका बैठकीत आठ-दहा पानं पुरेत. आधी मजकुरावरून नजर फिरवावी, मग परत येऊन पार्श्वभूमी पाहावी: भिंतीवरची यंत्रं, मागे उभी असलेली माणसं, दूरची इमारत. मुख्य घटनेशी संबंध नसलेल्या कोपऱ्यातही कुणीतरी काहीतरी करत असतं.

मोबाइलवर वाचू नका. चौकट मोठी करून पाहिली की पान हरवतं, आणि हॅम्पसन पानाचा विचार करायचा.

सुरुवात कुठून करावी?

पहिल्या शुक्रकथेपासूनच. सुरुवातीचे काही भाग चित्रांच्या बाबतीत थोडे अडखळतात, माणसांचे चेहरे स्थिरावायला वेळ लागतो. पण शुक्रावर उतरल्यावर कथा जी पकडते ती सोडत नाही. उत्तरेला भावनाशून्य, शास्त्रपूजक ट्रीन, दक्षिणेला सुखवस्तू, शांत थेरॉन, आणि दोघांच्या मध्ये ग्रहाला वेढणारा आगीचा पट्टा.

त्यानंतर 'द रेड मून मिस्ट्री' (१९५१-५२). ही छोटी, वेगवान आणि भीतीदायक आहे. शत्रू कोण हेच बराच वेळ कळत नाही. काही जणांना मी हीच आधी वाचायला सांगतो, विशेषतः ज्यांचा धीर कमी असतो त्यांना. मग थेट 'रोग प्लॅनेट' (१९५५-५७) आणि त्याला जोडून येणारी 'रेन ऑफ द रोबॉट्स'. पहिलीत लढणंच न जाणणारे क्रिप्ट आणि त्यांचा संहार करणारे फँट यांच्यात डॅन सापडतो. दुसरीत तो दहा वर्षांनी पृथ्वीवर परततो आणि पृथ्वी ओळखू येत नाही. हॅम्पसन आणि त्याचा स्टुडिओ इथे ऐन भरात आहेत.

मधली 'मरून्ड ऑन मर्क्युरी' हॅम्पसन आजारी असताना इतरांनी काढली. ती सोडली तरी चालेल.

मेकॉन एवढा गाजला, तो का?

प्रचंड डोकं, वाळक्या काडीसारखं शरीर, आणि हवेत तरंगणारं आसन. ट्रीन लोकांनी बुद्धीसाठीच घडवलेला हा त्यांचा सर्वाधिकारी. तो ओरडत नाही, चिडत नाही, सूडाचं भाषण ठोकत नाही. त्याच्या दृष्टीने माणसं म्हणजे प्रयोगाचं साहित्य. नुकत्याच संपलेल्या युद्धात माणसांवर प्रयोग झाल्याच्या बातम्या ज्यांनी वाचल्या होत्या, त्या पालकांना तो कुठून आला हे कळलं असणार.

पण कथा ट्रीन जमातीला सरसकट दुष्ट ठरवत नाही, हे मला अधिक मोलाचं वाटतं. सोंडार नावाचा ट्रीन हळूहळू भीती, दया, मैत्री ओळखायला शिकतो आणि पुढे डॅनचा भरवशाचा मित्र होतो. जन्माने कुणी शत्रू नसतो हे १९५० सालच्या मुलांच्या साप्ताहिकात, युद्ध संपून पाचच वर्षं झालेली असताना छापून येत होतं.

शुक्रावर जंगलं आणि शहरं? विज्ञान चुकलंय, मग मजा कशी यावी?

१९५० मध्ये शुक्राच्या ढगांखाली काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. आरंभीच्या काही महिन्यांत विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क या मालिकेचे विज्ञान-सल्लागार होते, यावरून आस्था किती होती ते कळेल. डिसेंबर १९६२ मध्ये 'मरिनर २' शुक्राजवळून गेलं आणि तिथला पृष्ठभाग भट्टीसारखा तापलेला असल्याचं स्पष्ट झालं. १९७० मध्ये उतरलेल्या रशियाच्या 'व्हेनेरा ७'ने त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे हॅम्पसनने शुक्र रंगवला तेव्हा तो ग्रह कल्पनेला मोकळा होता. त्या मोकळेपणाचा आनंद आपल्यालाही घेता येतो.

मला जास्त हळहळ वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. चित्रकथेतलं ब्रिटन ग्रहांमागून ग्रह पालथे घालतं. खऱ्या ब्रिटनने स्वतःच्या 'ब्लॅक ॲरो' रॉकेटने 'प्रॉस्पेरो' हा उपग्रह २८ ऑक्टोबर १९७१ रोजी ऑस्ट्रेलियातल्या वूमेरा इथून कक्षेत सोडला, आणि तेव्हा तो रॉकेट कार्यक्रम बंद करण्याचा निर्णय आधीच जाहीर झालेला होता. पुढच्या ब्रिटिश चित्रकथाकारांना या जुन्या भविष्याकडे पुन्हा पुन्हा का वळावंसं वाटलं, याचं एक उत्तर इथे आहे.

यात साम्राज्याचा वास येत नाही का?

येतो, आणि भारतीय वाचकाला तो जाणवायलाच हवा. भारत स्वतंत्र होऊन तीनही वर्षं झाली नव्हती तेव्हा ही मालिका सुरू झाली. जग एकत्र आलं आहे म्हणतात, पण अवकाश दलात निर्णय घेणारे बहुतेक ब्रिटिश, गणवेश ब्रिटिश सैन्याच्या थाटाचे, आणि दूरच्या ग्रहावर जाऊन तिथले तंटे सोडवणारेही तेच. हातातून सुटत चाललेलं मोठेपण अंतराळात शोधलं जातंय, असं वाचताना वाटतं.

त्याच वेळी दुसरंही पानावर आहे. डॅन शुक्र जिंकायला जात नाही. तिथे गुलामगिरीत खितपत पडलेल्या लोकांना सोडवायला त्याची मदत होते. अमेरिकन आणि फ्रेंच सहकारी हुद्द्याने बरोबरीचे आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच कथेत आहेत आणि मी दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून वाचतो. पहिली टोचते म्हणून दुसरी नाकारावीशी वाटत नाही.

प्राध्यापक पीबॉडी यांच्याबद्दल काय?

भूगर्भ, वनस्पती आणि शेती या विषयांच्या तज्ज्ञ, शिवाय स्वतः यान चालवू शकणाऱ्या. मोहिमेवर बाई येणार म्हटल्यावर सर ह्यूबर्ट नाक मुरडतात, आणि कथा त्यांना चूक ठरवते. त्या काळातल्या मुलांच्या साप्ताहिकात हे धाडसाचं होतं. पुढच्या कथांत त्यांना पुरेसं काम मिळत नाही. ही मालिकेची मोठी उणीव आहे.

हॅम्पसनचं पुढे काय झालं?

१९५९ मध्ये हल्टन प्रेस ओडहॅम्स या दुसऱ्या प्रकाशन कंपनीकडे गेली. नव्या मालकांना स्टुडिओचा खर्च परवडेनासा वाटला. हॅम्पसनने पुढच्या बऱ्याच कथा मनात योजून ठेवल्या होत्या. त्या सोडून तो त्याच वर्षी डॅन डेअरपासून दूर झाला. त्याच्या जागी आलेल्या फ्रँक बेलामीने वर्षभर काम केलं. बेलामी स्वतः थोर चित्रकार होता, पण त्याची रेषा वेगळी. पुढे कीथ वॉटसनने जुनं रूप बरंचसं परत आणलं. १९६९ मध्ये 'ईगल' बंद पडला.

डॅन डेअरवर हॅम्पसनचा कायदेशीर हक्क नव्हता. ज्या पात्राने लाखो अंक खपवले, त्याच्या पुढच्या कमाईत निर्मात्याचा वाटा नाही. नंतरच्या काळात तो एका कॉलेजात तंत्रज्ञ म्हणून नोकरी करत होता. १९७५ मध्ये इटलीतल्या लुका इथल्या महोत्सवात जगभरच्या चित्रकथाकारांनी त्याला उस्ताद म्हणून गौरवलं. १९८५ मध्ये तो गेला. त्याची पानं पाहताना हे आठवून मला राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

नंतरचे डॅन डेअर वाचावेत का?

निवडून. १९७७ मध्ये '२००० एडी' या साप्ताहिकाने त्याला नव्या रूपात आणलं; तो दणदणीत आहे, पण फक्त नावापुरता डॅन. १९९० मध्ये ग्रँट मॉरिसन आणि रायन ह्यूज यांनी 'डेअर' केली: थकलेला, लंगडणारा नायक आणि पंतप्रधान थॅचर यांच्या काळाची करडी सावली. रेखाटन अप्रतिम, कथा जीव जड करणारी. मूळ मालिका मनात बसल्यावरच हातात घ्या.

माझी शिफारस गार्थ एनिस आणि गॅरी अर्स्किन यांच्या २००७-०८ मधल्या सात अंकांची. म्हातारपणाकडे झुकलेला, निवृत्त डॅन, सरकारात मोठ्या पदावर पोचलेल्या पीबॉडी, आणि परतलेला मेकॉन. एनिस या जुन्या सभ्य नायकाची टर उडवत नाही; शब्द पाळणारा माणूस आजच्या राजकारणात कसा उभा राहील, हे तो गंभीरपणे विचारतो. हे अंक काढणाऱ्या 'व्हर्जिन कॉमिक्स'चा पाया न्यूयॉर्कबरोबरच आपल्या बंगळुरूमध्ये होता, आणि तिच्या संस्थापकांत शेखर कपूर होते.

याखेरीज 'स्पेसशिप अवे' हे चाहत्यांनी २००३ पासून काढलेलं नियतकालिक आहे. हॅम्पसनच्या स्टुडिओत काम केलेल्या डॉन हार्ली यांनी त्यात जुन्याच वळणाने नवी पानं काढली.

मुलांना देता येईल का? इंग्रजी जड आहे का?

दहा-अकरा वर्षांच्या मुलांना निर्धास्त द्या. भाषा स्वच्छ, जुन्या शाळेतली आहे. फक्त डिग्बी लँकेशायरच्या बोलीत बोलतो, ते पहिल्यांदा अडतं. मोठ्याने वाचलं की कळतं. शक्य असेल तर मुलाबरोबर बसून रोज दोनच पानं वाचा.

कुठे मिळेल?

टायटन या प्रकाशनाने २००४ पासून कथावार पुठ्ठाबांधणीचे खंड काढले, आणि पुढे जाड एकत्रित खंडही. काही संपले आहेत, तेव्हा जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानांवर लक्ष ठेवावं. १९८७ पासून हॉक बुक्सने काढलेल्या मोठ्या आकाराच्या प्रती सापडल्या तर त्या पहिल्यांदा घ्या, कारण या चित्रांना आकार लागतो.

हे आवडलं तर याच वळणाचं पुढे काय वाचू?

दोन नावं. 'मिनिस्ट्री ऑफ स्पेस', चित्रकार ख्रिस वेस्टन: १९४५ मध्ये जर्मन रॉकेट-शास्त्रज्ञ ब्रिटनच्या हाती लागले असते तर काय झालं असतं, याची तीन अंकांची कथा. यानं थेट हॅम्पसनच्या घराण्यातली. या वैभवाचा पैसा आला कुठून, हा प्रश्न ती शेवटपर्यंत धरून ठेवते. आणि 'स्कार्लेट ट्रेसेस', लेखक इयन एजिंग्टन, चित्रकार डिझरेली: एच. जी. वेल्सच्या कादंबरीतल्या मंगळवासीयांची स्वारी फसल्यानंतर त्यांची यंत्रं हाती लागलेलं, कोळ्यासारख्या पायांवर चालणाऱ्या बग्ग्यांचं लंडन. डॅन डेअर वाचताना साम्राज्याविषयीचा प्रश्न ज्यांना टोचला असेल, त्यांनी आधी 'स्कार्लेट ट्रेसेस' घ्यावी.